मैफल एका रात्रीची, काम वर्षभराचं: 'लाइव्ह' अल्बम बनतो कसा?

एखादा मोठा वादक गेला की वर्षभरात त्याच्या नावाने मैफल होते, आणि मैफल झाली की काही महिन्यांनी तिचा अल्बम येतो. वर 'लाइव्ह' छापलेलं असतं. मग ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. एकाच्या अंगावर काटा येतो. दुसरा म्हणतो, "कसलं लाइव्ह! हे सगळं नंतर स्टुडिओत बसून चकाचक केलेलं असतं. टाळ्यासुद्धा चिकटवलेल्या." या दुसऱ्या माणसाला तांत्रिक माहिती पहिल्यापेक्षा जास्त असते, पण निष्कर्ष चुकतो. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि ते नीट उघडून बघू: 'कॉन्सर्ट फॉर जॉर्ज'. बीटल्स या ब्रिटिश बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी कर्करोगाने गेला, वयाच्या ५८व्या वर्षी. बरोबर एक वर्षाने, २९ नोव्हेंबर २००२ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या मित्रांनी ही मैफल केली. अल्बम आणि चित्रपट आले नोव्हेंबर २००३च्या आसपास. म्हणजे काही तासांच्या कार्यक्रमावर जवळजवळ वर्षभर काम चाललं होतं. त्या वर्षात नेमकं काय करतात, हाच आपला प्रश्न.

## मैफल कसली होती?

गुरूच्या किंवा मित्राच्या पुण्यतिथीला गाणं करायचं, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला तो असाच. हॅरिसनची मैफल आपल्याला परकी वाटू नये याचं आणखी एक कारण आहे. ती सुरू झाली 'सर्वेषां स्वस्तिर्भवतु' या प्रार्थनेने. पंडित रविशंकर यांच्या मंत्रांच्या एका अल्बमची निर्मिती हॅरिसनने केली होती, त्यात ही प्रार्थना आहे. पूर्वार्ध सगळा भारतीय होता. अनुष्का शंकर यांनी सतार वाजवली आणि रविशंकर यांनी या प्रसंगासाठी बांधलेली 'अर्पण' ही वीसेक मिनिटांची रचना अनुष्का यांच्याच संचालनाखाली सादर झाली. स्वतः रविशंकर तेव्हा ८२ वर्षांचे होते आणि सभागृहात हजर होते.

मध्ये ब्रिटनच्या माँटी पायथन या विनोदवीर मंडळींचा धुडगूस झाला, कारण हॅरिसन त्यांचा भक्त होता. मग उत्तरार्धात त्याची गाणी. संगीत दिग्दर्शक गिटारवादक एरिक क्लॅप्टन. मंचावर बीटल्समधले पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार, शिवाय टॉम पेटी आणि त्याचा बँड, जेफ लिन, बिली प्रेस्टन, गॅरी ब्रूकर. आणि या सगळ्या साठीकडे झुकलेल्या मंडळींत अकूस्टिक गिटार घेऊन उभा असलेला हॅरिसनचा मुलगा धनी, चोवीस वर्षांचा. तो हुबेहूब बापासारखा दिसतो. मॅकार्टनीने मंचावरूनच सांगितलं की ऑलिव्हिया, म्हणजे जॉर्जची पत्नी, म्हणाली, "धनीला तिथे बघून वाटतं की जॉर्ज तरुणच राहिला आणि म्हातारे झालो ते आपण." हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये सापडतं. लक्षात ठेवा, ते सापडतं याचा अर्थ कुणीतरी ते ठेवायचं ठरवलं.

## एका माइकचे तीन वाटेकरी

पहिला गैरसमज इथेच असतो. लोकांना वाटतं की सभागृहात स्पीकरमधून जे ऐकू आलं तेच रेकॉर्ड झालं. तसं नसतं. गायकापुढचा माइक एकच, पण त्याची तार मंचाच्या कडेला एका पेटीत जाते आणि तिथे तिला तीन फाटे फुटतात. एक फाटा सभागृहाच्या मिक्सरकडे, जिथला माणूस प्रेक्षकांसाठी आवाज जुळवतो. दुसरा मंचावरच्या वादकांना स्वतःचा आणि एकमेकांचा आवाज ऐकवणाऱ्या मिक्सरकडे. तिसरा रेकॉर्डिंगकडे. मोठ्या मैफलीत हा तिसरा फाटा बहुधा सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या गाडीत जातो. त्या गाडीत सबंध स्टुडिओ थाटलेला असतो, आणि आत बसलेल्या माणसाला मंच फक्त छोट्या पडद्यावर दिसतो.

म्हणजे सभागृहात त्या रात्री एखादी गिटार कमी ऐकू आली असेल तरी रेकॉर्डिंगवाल्याकडे ती पूर्ण, स्वच्छ असू शकते. "मी तिथे होतो, मला सोलो नीट ऐकूच आला नव्हता, अल्बमवर कसा काय खणखणीत आहे?" या संशयाचं उत्तर एवढंच आहे. तो सोलो त्याच रात्रीचा, त्याच बोटांचा आहे, फक्त वेगळ्या फाट्यावरून आलेला.

## ट्रॅक म्हणजे काय, आणि फोर्टमधली साडेपाचची वेळ

एक पारिभाषिक शब्द मात्र लागणारच: ट्रॅक. प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्र पट्टीवर साठवतात, ती पट्टी म्हणजे ट्रॅक. ड्रमला एकट्यालाच आठ-दहा माइक लागतात, म्हणजे आठ-दहा ट्रॅक. त्या रात्री ड्रमवर जिम केल्टनर, हेन्री स्पिनेटी आणि काही गाण्यांना रिंगो होता, रे कूपर तालवाद्यांवर होता, शिवाय गिटारींचा ताफा, कीबोर्ड, गायक आणि पूर्वार्धात भारतीय वाद्यमेळ. ट्रॅक किती लागले असतील त्याचा अंदाज करा.

ट्रॅक जास्त असण्याने काय फरक पडतो हे समजायला मुंबईत यावं लागेल. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला आला होता. एका चित्रपटाचं संगीत करायचं होतं, आणि त्यासोबत 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीतही तिथेच झालं. वाजवायला आपले भारतीय वादक. मुंबईतल्या त्या स्टुडिओत तेव्हा फक्त मोनो यंत्र होतं, म्हणजे सगळा आवाज एकाच पट्टीवर. एचएमव्हीच्याच, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या, भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र रेल्वेने मागवलं. ही हकिकत हॅरिसनने स्वतःच सांगितलेली आहे. त्यातला पुढचा भाग तर मुंबईकराला डोळ्यांपुढे आणायला काहीच कष्ट नाहीत: स्टुडिओ ऑफिसांच्या वर होता, आवाज अडवण्याची सोय नव्हती, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांची धाडधाड सुरू व्हायची आणि रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. नीट कान देऊन ऐकलं तर काही तुकड्यांत खालून जाणाऱ्या टॅक्सी ऐकू येतात, असंही त्याने म्हटलंय.

दोनच ट्रॅक असले की सगळा निवाडा वाजवतानाच करावा लागतो. सनई मोठी वाटतेय? वादकाला दोन पावलं मागे बसवा. एकदा टेप फिरली की सनई आणि सरोद कायमचे एकजीव. नंतर 'सनई जरा कमी करा' म्हणायची सोय नाही.

आता हेच गाणं चौतीस वर्षांनी अल्बर्ट हॉलमध्ये झालं. जेफ लिन गायला आणि सतारीवर अनुष्का होत्या. या वेळी प्रत्येकाची पट्टी वेगळी, म्हणून निवाडा नंतर, शांतपणे, महिन्यांनी करता येतो. अल्बमची निर्मितीही लिनचीच. वर्षभराचं जे काम म्हणतात त्याचा मोठा भाग हा आहे. याला मिक्सिंग म्हणतात: कोणत्या क्षणी कुणाला पुढे आणायचं आणि कुणाला मागे ठेवायचं, हे गाण्यागणिक आणि कधीकधी ओळीगणिक ठरवणं.

## मग हवं ते बदलता येत असेल?

नाही. आणि तेही नैतिकतेमुळे नाही.

मंचावर माइक वेगवेगळे असले तरी हवा एकच असते. गायकापुढच्या माइकला मागचा ड्रम ऐकू येतो, ड्रमवरच्या माइकला शेजारचा गिटारचा स्पीकर ऐकू येतो. साउंडवाले याला 'लीकेज' म्हणतात. पंगतीच्या ताटात भात, आमटी, भाजी वेगवेगळी वाढली तरी आमटीचा ओघळ भाताखाली जातोच, आणि एकदा गेला की भात पुन्हा कोरडा करता येत नाही. तसंच हे. समजा एका गायकाची एक ओळ बेसूर गेली. त्याचा ट्रॅक पुसून स्टुडिओत नवी ओळ गाऊन घेतली, तरी जुनी बेसूर ओळ शेजारच्या चार माइकांत शिल्लक राहते, सभागृहाच्या घुमण्यात राहते. नव्या सुरामागे जुन्या सुराचं भूत ऐकू येत राहतं. ते झाकायला त्या चारही ट्रॅकांना हात लावावा लागतो, आणि मग त्यांच्यातली वाद्यं बिघडतात.

हल्लीची सॉफ्टवेअरं आवाज बरेच वेगळे करू शकतात. २००३ साली ती सोय जवळपास नव्हती. थोडक्यात, मंच जितका गर्दीचा तितकी दुरुस्ती अवघड. एकट्या गायकाची गिटार-मैफल नंतर 'सुधारणं' सोपं आहे. एकाच गाण्यात पाच-सहा गिटारी आणि दोन ड्रमर असलेली मैफल सुधारायला गेलं तर उसवत जाते.

## टाळ्या तरी खऱ्या का?

खऱ्या, पण त्यांच्यासाठी वेगळे माइक लावलेले असतात. वादकांचे माइक वादकांच्या अगदी जवळ असल्यामुळे त्यांच्यात सभागृह जवळपास नसतंच. फक्त तेवढेच ट्रॅक ऐकले तर पाच हजार लोकांसमोरची मैफल एखाद्या गालिचा अंथरलेल्या खोलीत झाल्यासारखी वाटते. म्हणून छताला, सज्जांना प्रेक्षकांकडे तोंड करून माइक टांगतात.

इथे एक गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून ३० मीटरवर टांगलेल्या माइकला ड्रमचा ठोका सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो. जवळचा आणि लांबचा ट्रॅक जसेच्या तसे एकत्र केले तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो, सगळा बँड अडखळल्यासारखा वाटतो. म्हणून लांबचा ट्रॅक तेवढाच अलीकडे सरकवतात. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या टाळ्या प्रत्यक्षापेक्षा नव्वद मिलिसेकंद आधी पडतात. एवढी 'फसवणूक' मात्र जवळपास प्रत्येक लाइव्ह अल्बममध्ये असू शकते.

अल्बर्ट हॉलमध्ये हे प्रकरण जास्त नाजूक आहे. १८७१ साली उघडलेलं हे लंबगोल, घुमटाचं सभागृह प्रतिध्वनीसाठी शंभर वर्षं बदनाम होतं. ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळण्याची खात्री फक्त इथेच आहे, असा एक जुना विनोद आहे. १९६९ मध्ये घुमटाखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगल्या, त्यांना तिथे सगळे 'मशरूम' म्हणतात, आणि प्रतिध्वनी बराच आटोक्यात आला. तरी सभागृह घुमतं ते घुमतंच. ते घुमणं किती ठेवायचं हा मिक्सिंग करणाऱ्याच्या रुचीचा प्रश्न. कमी ठेवलं तर स्टुडिओसारखं कोरडं, जास्त ठेवलं तर शब्द विरघळतात. माझ्या कानाला या अल्बममध्ये उत्तरार्ध जरा कोरड्या बाजूला झुकलेला वाटतो. जेफ लिनच्या इतर निर्मिती ऐकलेल्यांना त्याचं नवल वाटणार नाही, त्याला ड्रम तसेच आवडतात.

## सतार आणि रॉक बँड एकाच अल्बमवर?

याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण मला या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात अवघड जागा हीच वाटते.

सतारीचा आवाज मुळात लहान. त्यात तरफांच्या तारांची झिणझिण अजून लहान, आणि सतारीचा जीव तर त्या झिणझिणीत असतो. माइक लांब ठेवला तर ती हरवते. जवळ ठेवला तर नखीचा खटका आणि पडद्यांवरून घासणारं बोट मोठं होतं. शिवाय मंचावरच्या स्पीकरांचा आवाज सतारीच्या माइकात शिरून पुन्हा स्पीकरातून बाहेर येतो, त्यातून ती कानठळ्या बसवणारी शिट्टी होते. आपल्याकडे प्रत्येक गावातल्या गणेशोत्सवात ऐकलेली आहे.

'अर्पण'मध्ये भारतीय वाद्यमेळ आहे, पाश्चात्त्य तंतुवाद्यांचा ताफा आहे, आणि मध्येच एरिक क्लॅप्टन अकूस्टिक गिटारवर येतो. ज्याला जगाने विजेच्या गिटारसाठी ओळखलं, तो तिथे लिहिलेल्या रचनेच्या चौकटीत, अदबीने वाजवतो. हे सगळं एका पातळीवर आणायचं, आणि मग त्याच अल्बमवर पुढे टॉम पेटीचा बँड कडाडणार.

अल्बमचं शेवटचं काम म्हणजे मास्टरिंग, साऱ्या गाण्यांची आवाजाची पातळी एकमेकांशी जुळवणं. त्या काळात कंपन्यांना सीडी शक्य तितकी मोठ्या आवाजाची हवी असायची. आवाज मोठा करायचा म्हणजे लहान आवाज वर उचलायचे आणि मोठ्यांना कापायचं. रॉक गाण्याला ते कसंबसं चालतं. आलापाला चालत नाही, कारण तिथे लहान-मोठ्यातलं अंतर हेच संगीत असतं. भारतीय भाग एका सीडीवर आणि गाणी दुसऱ्या सीडीवर अशी विभागणी या अल्बममध्ये आहे. ती मुख्यतः कार्यक्रमाच्या क्रमानुसार आहे हे उघड आहे, पण कानाला तिचा फायदा होतो. पहिली सीडी ऐकताना आवाजाचं बटण थोडं वर न्या, दुसरीला परत खाली आणा.

## "पण काही लाइव्ह अल्बम खोटे असतातच ना?"

असतात. सगळ्यात गाजलेला वाद थिन लिझी या आयरिश बँडच्या 'लाइव्ह अँड डेंजरस' या १९७८च्या अल्बमचा. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यांनी सांगितलं की त्यातला सुमारे ७५ टक्के भाग स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला. बँडच्या माणसांनी ते साफ नाकारलं. दशकं लोटली तरी चाहते अजून भांडतायत.

खोटेपणाच्याही पायऱ्या असतात. आवाजाची पातळी जुळवणं, वाद्य लावण्यातला रिकामा वेळ कापणं, खोकला पुसणं: हे सगळेच करतात आणि त्यात गैर काही नाही. दोन प्रयोगांतला चांगला भाग निवडणं ही पुढची पायरी. हॅरिसननेच १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी मैफल केली, तेव्हा एकाच दिवशी दोन प्रयोग झाले आणि अल्बमसाठी दोन्हींतून निवड करता आली. तिसरी पायरी स्टुडिओत नवं वाजवून चिकटवणं. चौथी, दुसऱ्याच मैफलीच्या टाळ्या घालणं.

अल्बर्ट हॉलची मैफल एकच रात्र होती. दुसरा प्रयोग नाही, म्हणजे निवडायला काही नाही. आधी तालमी कसून झाल्या त्या याचसाठी. त्यामुळे या अल्बममधला संपादकाचा हात शोधायचा असेल तर सुरांत नव्हे, कापण्यात शोधावा. चित्रपटाच्या डीव्हीडीवर दोन आवृत्त्या आहेत: एक पूर्ण मैफल आणि दुसरी चित्रपटगृहासाठी केलेली, जिच्यात तालमी आणि मुलाखती मध्येमध्ये येतात. दिग्दर्शक डेव्हिड लेलँड. त्या चित्रपटाला २००५ साली ग्रॅमी मिळालं. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघितल्या तर तीच रात्र किती वेगळी होते ते दिसतं. चित्रपटगृहाच्या आवृत्तीत गाण्याआधीच कुणीतरी त्या गाण्याबद्दल हळवं होऊन बोललेलं असतं, मग आपण तयारीनेच ऐकतो. पूर्ण मैफलीत गाणं अंगावर येतं. मला पूर्ण मैफल जास्त प्रामाणिक वाटते, चित्रपटगृहाची आवृत्ती जास्त बघणेबल.

## गिटारवादकाची मैफल, आणि गिटार कुणी वाजवायची?

स्मरण-मैफलीच्या रेकॉर्डिंगमधला हा खरा पेच आहे. गायक गेला तर त्याची गाणी दुसरा गाऊ शकतो, ऐकणारा ते मान्य करतो. हॅरिसनची ओळख मात्र त्याच्या सुरावटीइतकीच त्याच्या स्लाइड गिटारमध्ये होती: बोटात नळी घालून तारेवरून घसरत नेलेला, मींडेसारखा सूर. सतारीची तालीम त्या मींडेत उतरली असं अनेकजण म्हणतात, आणि ऐकलं की पटतंही.

या मैफलीत ते स्लाइडचे तुकडे मार्क मॅन नावाच्या वादकाने सांभाळले. नाव फारसं कुणाला माहीत नसतं. त्याने स्वतःची करामत दाखवली नाही, मूळ रेकॉर्डवर जसं होतं तसंच वाजवलं. उलट क्लॅप्टनने 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मध्ये मोकळं सोडलं स्वतःला. तो अधिकार त्याचाच होता, कारण १९६८च्या मूळ बीटल्स रेकॉर्डवरही तो सोलो त्यानेच वाजवला होता. २००२ला पियानोवर मॅकार्टनी आणि ड्रमवर रिंगो. म्हणजे त्या गाण्यापुरते मूळ रेकॉर्डिंगमधले गैरहजर दोघेच होते, हॅरिसन आणि जॉन लेनन.

'समथिंग'ची सुरुवात नीट ऐका. मॅकार्टनी एकटा, हातात युकुलेले. चार तारांचं ते लहानसं वाद्य हॅरिसनला फार प्रिय होतं. एवढ्या मोठ्या सभागृहात फक्त ती टिकटिक आणि एक आवाज. मग मधल्या भागात अख्खा बँड आत येतो आणि क्लॅप्टन गाणं उचलतो. युकुलेलेला ऐकू येण्याइतकं मोठं ठेवलं तर बँड आल्यावर आवाजाला वर जायला जागा उरत नाही. बँडसाठी जागा राखली तर युकुलेले सभागृहाच्या घुमण्यात बुडतं. मिक्सिंग करणाऱ्याने इथे काय केलं ते हेडफोनवर कळतं: सुरुवातीला सभागृह जवळजवळ गायब असतं, युकुलेले कानाशी असतं, आणि बँड येतो तसं सभागृह बाजूंनी उघडत जातं.

## एवढ्या कंपन्यांचे कलाकार एका अल्बमवर आले कसे?

वर्षभरातला उरलेला वेळ बराचसा वकिलांकडे जातो.

एका लाइव्ह गाण्यावर तीन वेगवेगळे हक्क असतात. गाणं लिहिणाऱ्याचा एक, ते त्या रात्री सादर करणाऱ्याचा दुसरा, आणि ते ज्यावर साठवलं त्या रेकॉर्डिंगचा तिसरा. शिवाय प्रत्येक नामवंत कलाकार कोणत्या ना कोणत्या कंपनीशी करारबद्ध असतो, आणि तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कंपनीच्या अल्बमवर त्याला गाता येत नाही. अल्बमच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत 'अमुक कलाकार तमुक कंपनीच्या सौजन्याने' अशी यादी असते ती याच तहांची. हॅरिसनच्या बाबतीत आणखी एक गुंता: बीटल्सच्या सुरुवातीच्या काळातली त्याची गाणी दुसऱ्या प्रकाशन कंपनीकडे होती, नंतरची त्याच्या स्वतःच्या कंपनीकडे.

यात किती अडू शकतं हे १९७१च्या बांगलादेश अल्बमने दाखवलं होतं. त्या मैफलीत गायलेला बॉब डिलन कोलंबिया कंपनीचा, हॅरिसनच्या रेकॉर्ड अमेरिकेत वितरित करणारी कंपनी कॅपिटॉल. पैसे निर्वासित मुलांसाठी, तरी अल्बम महिनोन्‌महिने वाटाघाटींत अडकला. तेव्हा कॅपिटॉलच्या प्रमुखपदी कोण होते? भास्कर मेनन, तेच, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी कलकत्त्याहून यंत्र मागवून दिलं होतं. वैतागलेल्या हॅरिसनने अमेरिकन टीव्हीवर त्यांचं नाव घेऊन, 'मी अल्बम काढणार, करा माझ्यावर खटला' अशा अर्थाचं जाहीर आव्हान दिलं. अखेर तोडगा निघाला आणि कोलंबियाला त्या अल्बमची टेपवरची आवृत्ती विकायचा हक्क मिळाला.

आपल्याकडे सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क कॉपीराइट कायद्यात आला तो १९९४च्या दुरुस्तीने, आणि २०१२च्या दुरुस्तीने त्याला रॉयल्टीची जोड मिळाली. म्हणजे तबल्याची साथ करणाऱ्याचीही संमती लागते. ती तोंडी घेऊन भागवण्याची आपली जुनी सवय आहे.

## श्रद्धांजली म्हणायची की धंदा?

रोकडा प्रश्न आहे, उत्तरही रोकडं देतो. पैसा कुठे जातो ते बघायचं. 'कॉन्सर्ट फॉर जॉर्ज'चं उत्पन्न हॅरिसनने १९७३ साली स्वतःच स्थापन केलेल्या मटेरियल वर्ल्ड चॅरिटेबल फाउंडेशनकडे जातं. बांगलादेश मैफलीनंतर करखात्याने पैसा कसा अडकवून ठेवला याचा अनुभव गाठीशी होता, आधी संस्था उभी करून मग तिच्या नावाने कार्यक्रम करण्यातलं शहाणपण त्यातून आलेलं दिसतं. २०१८ साली, त्याच्या ७५व्या जयंतीच्या सुमाराला, हाच अल्बम पुन्हा बाजारात आला, विनाइल तबकड्यांवर पहिल्यांदाच. ज्यांच्याकडे सीडी आहे त्यांनी तो परत घ्यावा का? आवाजासाठी नको. मोठ्या आकाराच्या मुखपृष्ठाची हौस असेल तर घ्या.

## आपल्या गावातल्या स्मृतिसंध्येचं काय?

आपल्याकडेही दर गावात कुणा ना कुणा वादकाची, गायकाची स्मृतिसंध्या होते आणि तिचं रेकॉर्डिंग बहुधा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट एका पेन ड्राइव्हवर घेतात. घरी जाऊन ऐकलं की गायक कानात ओरडतोय आणि ढोलकी शेजारच्या गल्लीत वाजतेय असं वाटतं, टाळ्या तर नाहीतच. साउंडवाल्याची त्यात चूक नसते. ढोलकी मुळात मोठी असते, छोट्या सभागृहात ती माइकशिवायही पोचते, म्हणून मिक्सरवर तिला कमी ठेवलेलं असतं. तेच कमी ठेवलेलं पेन ड्राइव्हवर जातं.

आजचे बरेचसे डिजिटल मिक्सर यूएसबीच्या एका तारेने प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक लॅपटॉपवर उतरवू शकतात, मध्यम आकाराच्या मिक्सरवर ३२पर्यंत. फक्त आधी सांगावं लागतं. कार्यक्रम ठरवतानाच साउंडवाल्याला विचारा: "वेगवेगळे ट्रॅक मिळतील का?" दोन जादा माइक मागवून ते प्रेक्षकांकडे तोंड करून लावा आणि मिक्सरवर त्यांचा आवाज सभागृहाच्या स्पीकरांत जाणार नाही एवढं बघा, नाहीतर तीच ती शिट्टी. आणि संमतीचा एक साधा कागद साथीदारांसकट सगळ्यांकडून कार्यक्रमाआधी सही करून घ्या. नंतर, मानधनाचं पाकीट वाटून झाल्यावर, साथीदार शेवटच्या एसटीच्या घाईत असतात.